दादा साच्यावर होते

गिरणीत काम केलेल्या वडिलांवरचा तुमचा लेख वाचला. त्यातल्या गिरणीच्या भोंग्यापाशी आले आणि डोळे भरून पुढचं दिसेना. आमचे वडील, दादा, हेही मुंबईच्या गिरणगावातलेच, लालबागला साचेवाले, म्हणजे कापड विणायच्या मागावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर ते पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. पहाटे दादरहून भाजी आणायचे, आई चाळीच्या तोंडाशी विकायची. तक्रारीचा एक शब्द नाही.

साच्यांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. आई मोरीतून काही बोलली की हातातलं टाकून उठायचे, तिच्यासमोर उभे राहून ओठांवरून समजून घ्यायचे. रोज, न कंटाळता. किती जीव होता त्यात! दादांना जाऊन सहा वर्षं झाली. आई अजूनही समोर येऊन, सावकाशच बोलते. आमच्याशीसुद्धा.