आधी भिंतीवरची रेघ पुसा

पूर ओसरल्यावर घराचं कुलूप उघडलंत की नजर गाळाकडे जाईल. जाऊ देऊ नका. गाळ कुठं पळून जात नाही. आधी भिंतीकडे बघा. तिथं एक मातकट रेघ दिसेल. चारी भिंतींवरून, दारांवरून, देवाच्या तसबिरीवरून सलग गेलेली, आणि गवंड्याला लेव्हलची नळी लावूनही जमणार नाही इतकी सरळ. ओलं फडकं घ्या आणि पहिल्यांदा ती पुसा. ती राहिली तर येणारा-जाणारा तिच्यापाशी उभा राहून छातीला हात लावून उंची मोजणार, आणि मग तुमच्याही डोक्यात नसते विचार शिरणार. बोर्ड जरा वर घ्यावा का, धान्य माळ्यावर ठेवावं का, वगैरे. घर पूर्ववत करायचं असेल तर असल्या विचारांना थारा देऊन चालत नाही. पूर्ववत म्हणजे पूर्वी होतं तसं.

हे मी अधिकाराने सांगतो. सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर घर, आणि कृष्णामाई दोनदा घरात राहून गेलेली. २००५ साली मात्र ती आमच्या उंबऱ्याला लागून परत फिरली. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी, जिथं कृष्णेची पातळी मोजतात तिथं, पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. तेव्हापासून तो उंबरा म्हणजे आमच्या गल्लीचा शिलालेख. ऑगस्ट २०१९ मध्ये भोंग्याची गाडी फिरत होती, सामान हलवा म्हणून, आणि आम्ही कट्ट्यावर बसून तिला हसत होतो. ‘‘पाच साली कुठवर आल्तं? उंबऱ्याला न्हवं? मग आता काय डोक्यावरनं जाणार हाय?’’ तरी उगाच जोखीम नको म्हणून टीव्ही उचलून कॉटवर ठेवला आणि गाद्या टेबलावर रचल्या. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वजाबाकी तुम्हीच करा. कॉटची उंची दीड फूट.

असो. आता गाळ. तो नीट वाळू द्या. आमच्या समोरच्या आक्कांना ही साधी गोष्ट कळत नाही. पाणी घोट्याएवढं उरलं असतानाच त्या खराटा घेऊन घरात शिरल्या आणि ओसरत्या पाण्याबरोबरच गाळ ढवळून दाराबाहेर ढकलत राहिल्या. दिवस मावळायच्या आत त्यांची फरशी दिसायला लागली. आम्ही शहाणे. विश्रामबागला मेव्हण्याकडे चार दिवस भजी खाऊन, रस्ते कोरडे झाल्यावर सावकाश आलो. तोवर गाळानं फरशीवर खपली धरली होती. वरून पापडासारखी तडकलेली, खालून लोण्यासारखी. धुवायला नळाला पाणी नाही. कोपऱ्यातला गाळ तर खुरप्यानं खरवडला, आणि खुरप्याबरोबर दोन फरश्याही हातात आल्या.

स्वयंपाकघरात शिरताना नाकाला रुमाल लावू नका, पाहुणचार म्हणून वास घ्यायचाच असतो. आमच्याकडे वर्षाचे गहू पत्र्याच्या कोठीत, मे महिन्यात एरंडेल चोळून भरलेले. भिजून ते असे फुगले की कोठीची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली, आणि त्या फटीतून बोटभर पांढरे कोंब बाहेर डोकावत होते. पीक चांगलं होतं. आंबूस वास मात्र पुढं दिवाळीपर्यंत चपातीला येत होता, नवे गहू आणले तरीसुद्धा. फ्रिज मी उभा सोडून गेलो होतो. रिकामा फ्रिज पाण्यात तरंगतो हे मला ठाऊक नव्हतं. तो ओट्यापासून निघून, खोली ओलांडून, देवघरासमोर साष्टांग नमस्कार घालून पडला होता. उचलून उभा करा आणि लगेच बटण दाबून बघा, चालतोय का. आधी वायरमन बोलवा, बोर्ड उघडून वाळू द्या, अर्थिंग तपासा, असं सांगणारी माणसं भेटतील. त्यांना घाई कशी ती नसतेच.

लग्नाचा अल्बम सापडला तर कडक उन्हात टाका. ओला असतानाच साध्या पाण्यातून काढायचा, पानं अलगद सुटी करायची आणि सावलीत वाळवायचा, एवढा धीर कुणाला आहे? आमचा अल्बम दोन दिवसांत विटेसारखा घट्ट झाला. मग ओढून उघडला. तेव्हापासून आमच्या सप्तपदीत बायकोच्या चेहऱ्याच्या जागी मामांच्या फेट्याचा तुरा आहे. ती म्हणते, तसंही त्या दिवशी सगळं मामाच ठरवत होते.

मग पंचनामा. त्याच्या आत घर लख्ख करून ठेवा, भिजलेलं सामान कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये भरून द्या, फोटो काढत बसू नका. साहेब आले, बूट दाराबाहेर काढायला लागले. आम्ही म्हटलं, असू द्या. त्यांनी विचारलं, पाणी किती आलं होतं? मी छातीखाली चार बोटांवर हात लावून दाखवला. ‘‘तसं नाही, खूण कुठाय?’’ खूण पुसली होती. सगळ्यात आधी. ‘‘मग लिहायचं काय?’’ शेवटी आक्कांकडे जाऊन त्यांच्या भिंतीवरची रेघ मोजून आणली. आक्कांनी रेघेखाली खडूनं तारीख घातली होती आणि नातवाकडून भिंतीचे, फुगलेल्या दारांचे, यंत्राच्या नंबरासकट शिलाई मशीनचे फोटो काढून घेतले होते. अशा लोकांमुळे पुराची मजा जाते.

मोफत धान्याचंही जरा समजून घ्या. २०१९ च्या शासन आदेशात दहा किलो गहू आणि दहा किलो तांदळासाठी दोन दिवस पाण्याखाली राहण्याची अट होती. तेव्हा पाणी दीड दिवसात निघायला लागलं तर उंबऱ्याशी हात जोडून उभे राहा, चहा विचारा, जुन्या ओळखीचा दाखला द्या, पण मुदत पुरी होईपर्यंत जाऊ देऊ नका. बाहेरगावच्या दात्यांची गाठोडी येतीलच. आमच्या वाट्याला जरीचं जाकीट आणि एक डावा बूट आला होता. जाकीट फरशी पुसायला बरं पडलं.

रंग ही मात्र तातडीची बाब. विटांची भिंत चार दिवस पाण्यात उभी राहिली की आतून वाळायला महिनेच्या महिने घेते. भिंतीला वेळ असेल, आपल्याला नाही. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला होते, पूर ओसरून तीन आठवडे झाले नव्हते, आणि आम्ही पुट्टी भरून वर महागातला प्लास्टिक रंग मारून मोकळे. एक म्हातारा गवंडी म्हणाला, ‘‘मालक, ह्या वर्साला नुसता चुना मारा, आतली वल भाईर पडू द्या.’’ चुना! लोक काय म्हणतील? फेब्रुवारीत भिंतीला फुगे आले. पुरीसारखे टम्म. टाचणी लावली की खालून मिठासारखी पांढरी भुकटी गळायची. वर्षभरात रंग दोनदा काढला. दर वेळी आधीपेक्षा उजळ छटा घेतली.

आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या. जुना ओटा कडाप्प्याचा होता, तो चार दिवस पाण्यात राहूनही तसाच निघाला, म्हणून तो पाडला. त्या जागी प्लायवूडच्या ट्रॉल्या केल्या, जमिनीपासून चार इंचांवर, चकचकीत लॅमिनेट लावून. मिस्त्रीला मी आपलं विचारलं, पाण्याचं काय? तो म्हणाला, ‘‘आता शंभर वर्सं येत न्हाई असला पूर. एकदा येऊन गेला की आपला नंबर गेला.’’ टीव्हीचा प्लग फरशीपासून एक फुटावर घेतला, कारण वायर लोंबकळली तर दिसायला वाईट. जुलै २०२१ मध्ये आयर्विनला पाणी ५५ फुटांच्या आसपास आलं. आमच्या घरात जेमतेम सव्वा फूट. प्लगला आणि ट्रॉल्यांना तेवढं पुरलं. प्लाय भिजलेल्या खारीसारखी पदर सोडून उलगडत गेली.

या सगळ्यात चर्चा थांबवू नका, कारण घर वाळेपर्यंत तेवढीच ऊब असते. आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे की कर्नाटकाला कृष्णेवरच्या त्यांच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायची आहे. तीन दशांश स्थळांपर्यंत. आपल्या मीटरबोर्डाची उंची मात्र कुणी मोजलेली नाही. २०२० साली पुराची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल आला. त्यात खापर अलमट्टीवर फोडलेलं नव्हतं, प्रचंड पाऊस आणि पूरपट्ट्यातली बांधकामं असली बेचव कारणं होती. गल्लीनं अहवाल एकमतानं फेटाळला. पूररेषेच्या नकाशाचंही तेच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेघ, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची तांबडी. निळीच्या आत बांधायचं नाही, दोहोंच्या मध्ये अटी पाळून. नकाशा कागदावर असतो, म्हणजे आमच्यासारखा तो भिजला की रेघा फुटतात.

एक चूक तेवढी आमच्याकडून राहिली. बेडरूममधलं लोखंडी कपाट फार जड. दोन्ही वेळा रंगारी म्हणाला, मागं कोण बघतंय, आणि भोवतीनं ब्रश फिरवून गेला. त्यामुळे कपाटामागे भिंत होती तशीच आहे. वर २०१९ ची रेघ, खाली २०२१ ची. जुलैत पाऊस लागला, कोयनेतून किती सोडलं याचे आकडे मोबाइलवर यायला लागले आणि आयर्विननं चाळीस ओलांडले, की मी रात्री गाल भिंतीला लावून त्या फटीत बॅटरी मारून बघतो. आतून बायको विचारते, ‘‘किती झालं हो?’’

‘‘झोप तू. अजून पायरी लांब आहे.’’