बोंबलाचा वास आणि त्या रात्रीचा गॅस

नमस्कार ताई,

पालघरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या भाड्याच्या घराबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. गॅस मध्येच संपला, ताजी मासळी मिळाली नाही, समुद्राच्या जागी चिखल दिसला आणि बोंबलाच्या वासानं अंगणात बसवेना, असं तुम्ही लिहिलंय.

आधी गॅसचं. चूक सर्वस्वी माझी. स्वतः रांधून खायचं घर म्हणून भाडं घ्यायचं आणि डाळ अर्धी शिजलेली असताना सिलिंडर संपावं, बदलीचंही रिकामंच निघावं, याला काही सबब नाही. मुलं बिस्किटं खाऊन झोपली हे वाचून फार वाईट वाटलं. त्या रात्रीचं भाडं आज परत पाठवलंय. घर सांभाळणाऱ्या मावशी आता पाहुणे यायच्या आधी दोन्ही सिलिंडर उचलून बघतात, शिवाय इंडक्शनची शेगडीही घेतलीय.

मासळी आणि समुद्राचं मी बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं. मीही तुमच्यासारखा नाशिकचाच, पालघरच्या किनाऱ्यावर दहा वेळा फसल्यावर तिथी बघायला शिकलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. तुम्ही आलात त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. तुम्ही पहाटे निघून जव्हार-विक्रमगडमार्गे भर दुपारी बाराला पोचलात, तेव्हा पूर्ण ओहोटी. किनारा सपाट असल्यानं पाणी पार लांब गेलेलं असतं. त्यात अष्टमीला भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटी, पाण्याला ओढ कमी. बोंबील-कोळंबीची डोलजाळी, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, त्या ओढीवरच चालतात, त्यामुळे होड्यांना म्हावरंही कमी लागलं. सातपाटीच्या बाजारात चौकशी करा, एवढं तरी आमच्याकडून कुणी सांगायला हवं होतं. इथून पुढे बुकिंग झालं की भरती-ओहोटीच्या वेळा मी स्वतः पाठवीन.

राहिला वास. ‘शेजाऱ्यांना बोंबील दुसरीकडे वाळवायला सांगा,’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, हे माझ्याकडून होणार नाही. शेजारच्या काकू दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. सकाळभर त्यांचे हात थांबत नाहीत. मग दोन-तीन दिवस कडक ऊन लागतं, ढग आले की सगळ्या घराचा जीव वरखाली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घरात पैसा येतो तो या सुक्या मासळीचाच. आपल्या नाशिकलाही सुका बोंबील किनाऱ्यावरूनच घाट चढून येतो. माझी आई गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून आणायची आणि तव्यावर भाजून भाकरीबरोबर वाढायची. अंगणाला लागून काकूंच्या बोंबील वाळवायच्या काठ्या आहेत आणि त्या आमच्या घराच्या कितीतरी आधीपासून तिथं आहेत.

माझं चुकलं ते फोटोंत. ते पावसाळ्यात काढले होते, काठ्या मोकळ्या होत्या. आता बोंबील लटकलेले असतानाचे फोटो टाकलेत आणि वासाचंही स्पष्ट लिहिलंय.

पुन्हा यावंसं वाटलं तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास या, मावशींना सांगून होडीवरची मासळी तुमच्यासाठी ठेवायला लावतो. वास मात्र तेव्हाही असेल.