घोडा बदलतो, वळू बदलत नाही

सध्या एक रील सगळीकडे फिरतंय. पोर्तुगालमधलं रिंगण, पांढराशुभ्र लुसितानो जातीचा घोडा, त्यावर अठराव्या शतकातला जरीचा कोट घातलेला स्वार आणि समोर काळा वळू. घोडा वळूच्या नाकासमोरून तिरका सरकतो, जागच्या जागी गिरकी घेतो आणि शिंग लागता लागता निसटतो. खाली आपल्याच मंडळींच्या कॉमेंट: ‘काय जनावर आहे!’, ‘याला म्हणतात घोडेस्वारी!’

घोडेस्वारी उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या क्षणी घोडा वळूला चाटून जातो, त्या क्षणी स्वाराचा हात काय करतो ते पुन्हा रील लावून बघा. रंगीत कागदाने सजवलेली एक काठी तो वळूच्या खांद्यात रोवतो. काठीच्या टोकाला आकडेदार लोखंड असतं. ते मांसात रुतलं की वळूने कितीही झटकलं तरी सुटत नाही, उलट प्रत्येक हालचालीला आत फिरतं. आधी लांब काठ्या, मग आखूड. जितकी आखूड, तितकं घोड्याला जवळ न्यावं लागतं आणि तितक्या टाळ्या जास्त. शेवटी वळूच्या खांद्यावर रंगीत झुपका तयार होतो. लांबून तो सजवल्यासारखाच दिसतो.

आणि हा सामना बरोबरीचा असतो, असं कृपया कुणी सांगू नये. पोर्तुगालमध्ये वळूच्या शिंगांवर कातड्याचं आवरण चढवतात. स्पेनमधल्या घोड्यावरच्या खेळात, म्हणजे ‘रेखोनेओ’त, शिंगांची टोकं कापायला नियमाचीच परवानगी आहे. घोडा महागडा, वर्षानुवर्षं शिकवलेला, त्याला इजा झालेली परवडत नाही. तरीही घोडे जखमी होतातच. त्यात एकाच वळूसमोर स्वार तीन-चार घोडे वापरतो. एक सुरुवातीच्या धावपळीसाठी, दुसरा नखऱ्यांसाठी, तिसरा शेवटासाठी. घोडा दमला की बाहेर आणि ताजा घोडा आत. वळू मात्र तोच, अंगात लोखंड घेऊन पळणारा. इतकं कळल्यावर मला त्यातलं ‘शौर्य’ शोधूनही सापडत नाही.

घोड्याचाही विचार करा. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. शिंगं रोखून येणाऱ्या जनावराकडे पाठ फिरवायची, हे त्याच्या रक्तात आहे. तोंडात लोखंडी लगाम आणि बरगड्यांवर टाचेचा काटा ठेवून ती ऊर्मी दाबायला शिकवतात. आपण त्याला ‘निडर’ म्हणतो.

पोर्तुगीजांचा ठरलेला युक्तिवाद असा, की ‘आम्ही स्पेनसारखं रिंगणात वळू मारत नाही.’ खरंय. स्पेनमध्ये घोड्यावरूनच शेवटचं पातं खुपसतात, आणि तेवढ्याने मेला नाही तर स्वार खाली उतरून काम पुरं करतो. पोर्तुगालमध्ये 1928 पासून लोकांसमोर मारायला बंदी आहे. मग वळूचं काय होतं? घंटा बांधलेले बैल रिंगणात सोडतात आणि त्यांच्या कळपात मिसळवून त्याला बाहेर नेतात. आत गेल्यावर रुतलेले आकडे मांस कापून काढतात. मग कत्तलखान्याची वेळ होईपर्यंत तो त्या जखमांसकट उभा. पैदाशीसाठी वाचवलेला एखादा सोडला, तर बाकीच्यांचा शेवट तोच. वळूच्या दृष्टीने ही दया अजिबात नव्हे. फक्त प्रेक्षकाला रक्त पाहावं लागत नाही आणि तो घरी जाऊन निवांत जेवू शकतो.

घोडेस्वार गेल्यावर आठ तरुण येतात, ‘फोर्कादो’. हातात काही नाही. पुढचा एक जण वळूला हाक मारून अंगावर घेतो, बाकीचे मागून लटकतात. या पोरांच्या धाडसाबद्दल मला कमी बोलायचं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये लिस्बनच्या कांपो पेकेनो रिंगणात यातलाच एक 22 वर्षांचा मुलगा गेला. पण तोवर वळू दमलेला, रक्ताळलेला असतो, हेही तितकंच खरं.

परंपरेचं म्हणाल तर तिथेही ती काही एकमुखी नाही. 1836 मध्ये राणी मारिया दुसरी हिच्या काळात बंदी आली होती. वर्ष पुरं व्हायच्या आत उठली. व्हियाना दो कास्तेलो शहराने 2009 मध्ये हे खेळ नकोत असं जाहीर केलं. उलट 2018 मध्ये देशभर बंदी घालण्याचा प्रस्ताव संसदेत पडला. त्याहून गंमत बारांकुश गावाची. स्पेनच्या सीमेवरच्या या गावात बंदी असताना लोक रिंगणात वळू मारतच राहिले. शेवटी 2002 मध्ये कायदाच बदलला: किमान 50 वर्षांची अखंड परंपरा असेल तर अपवाद! म्हणजे पुरेशी वर्षं कायदा मोडला की तो वारसा ठरतो.

‘आधी आपल्या बैलगाडा शर्यतीचं बोला’ असं कुणीतरी लिहिणारच, म्हणून बोलतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैल पळवणं आणि त्याच्या खांद्यात आकडे रोवणं एक नाही, हे मी मानतो. पण त्या अटी शर्यतीच्या घाटात पाळल्या जातात का, चाबूक आणि खिळे खरंच गेले का, हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘शेतकरीद्रोही’ ठरवणारे आणि लिस्बनमधले परंपरावाले मला सारखेच दिसतात. गोव्यात तर धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, नव्वदच्या दशकात उच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी शेतात गुपचूप झुंजी लागतात आणि त्या कायदेशीर करा ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते.

राहिला शेवटचा मुद्दा: हे खेळ बंद झाले तर लुसितानो घोडा आणि ती कला संपेल. पोर्तुगालमध्येच याचं उत्तर आहे. तिथे 1979 पासून अश्वकलेची सरकारी शाळा आहे. तेच लुसितानो, तीच गिरकी, तीच तिरकी चाल, तोच अठराव्या शतकातला पोशाख. लिस्बनच्या बेलेंग भागात तिचे प्रयोग होतात, तिकीट काढून कुणालाही बघता येतात. लिस्बनला जाणार असाल तर तिथे जा. रिंगणात वळू नसतो.