रेडिएशनने मुलाचं शिकलेलं पुसलं जात नाही

आमच्या कोपरखैरण्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मेंदूच्या गाठीसाठी मुलाला रेडिएशन दिलं की आयक्यू दरवर्षी उतरतो, शिकलेलं सगळं पुसलं जातं. डोस कमी करायला सांगा, नाहीतर प्रोटॉन घ्या, त्याने मेंदूला काहीच होत नाही.’ माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या आईने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मॅडम, हे खरंय का?’

आयक्यू उतरतो, हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरं आहे. मेड्युलोब्लास्टोमात, म्हणजे मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठीत, अख्ख्या मेंदूला आणि मणक्याला रेडिएशन द्यावं लागतं, आणि वय जितकं लहान तितका धोका मोठा. म्हणून तर तीन वर्षांखालच्या बाळांना ते शक्यतो टाळतात किंवा लांबवतात.

पण ‘पुसलं जातं’ हे चूक आहे, आणि याच शब्दांनी आयांची झोप उडते. आयक्यू म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी केलेली तुलना; सरासरी १००. समजा, आठव्या वर्षी मुलीने २० प्रश्न सोडवले, दहाव्या वर्षी २५. तेवढ्यात बरोबरीची मुलं २० वरून ३० वर गेली. मुलगी पाच प्रश्न जास्त शिकली, तरी आयक्यू खाली आला. अशा बहुतेक मुलांत हेच दिसतं: शिकणं चालू असतं, वेग मंदावतो. म्हणून रिपोर्टमध्ये कच्चे गुणही, म्हणजे प्रत्यक्ष किती प्रश्न सुटले तेही, मागा.

शिवाय एका आकड्यात सगळं मिसळलेलं असतं. आधी मार बसतो तो काम करण्याच्या वेगाला, लक्षाला आणि डोक्यात दोन-तीन गोष्टी एकदम धरून ठेवण्याला. माझ्याकडे येणाऱ्या त्या मुलीला धडा समजतो, तोंडी उत्तरं बरोबर येतात. फळ्यावरचं उतरवायला मात्र दुप्पट वेळ लागतो. गाठ लहान मेंदूत, म्हणजे मेंदूच्या मागच्या, तोल सांभाळणाऱ्या भागात असेल तर हात थरथरू शकतो, सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने ऐकू कमी येऊ शकतं. घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीत हे सगळं ‘बुद्धी’ म्हणून मोजलं जातं. आधी कान तपासा. आणि दोन रिपोर्ट ताडून बघायचे तर चाचणी एकच हवी: आपल्याकडची मालिनची मुलांसाठीची आयक्यू चाचणी १९६९ची आहे, तिचा आकडा नव्या चाचणीच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

डोस कमी करा म्हणणं सोपं आहे. ३ ते ७ वर्षांच्या, तुलनेने कमी धोक्याच्या मुलांत अख्ख्या मेंदूला आणि मणक्याला २३.४ ऐवजी १८ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) देऊन पाहिलं गेलं. २०२१ मध्ये निकाल आला: कमी डोसवाली मुलं कमी वाचली. उलट परळच्या टाटाने संथ वाढणाऱ्या गाठींच्या ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांत डोस ५४ ग्रेच ठेवला, फक्त अर्ध्या जणांना निशाणा जास्त नेमका धरून दिला. पाच वर्षांत त्यांचा आयक्यू जास्त चांगला टिकला.

प्रोटॉन, म्हणजे प्रोटॉन कणांनी दिलेलं रेडिएशन, टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून मिळतं. आजूबाजूचा निरोगी भाग त्यात जास्त वाचतो, पण अख्ख्या मेंदूलाच द्यायचं असेल तिथे मेंदू वाचवणार कुठून?

त्या आईला मी कळवलंय: दोन्ही वर्षांचे रिपोर्ट आणि कानाची तपासणी घेऊन शनिवारी या. शाळेला द्यायचं जादा वेळेचं पत्र तेव्हाच लिहू.