‘ट्रेनी भरा, पीएफ वाचवा’

आज आमच्या भोसरीतल्या कारखानदारांच्या ग्रुपवर एका महाशयांनी सल्ला टाकला: परमनंट माणसं कमी करा, आयटीआय-डिप्लोमाची पोरं अप्रेंटिस म्हणून भरा. पीएफचे १२ टक्के वाचतात, ईएसआयचे (कामगार विम्याचे) सव्वातीन वाचतात, ग्रॅच्युइटीचं लफडं नाही. खाली अंगठेच अंगठे. डोकंच सणकलं.

हिशेब कागदावर बरोबर आहे, नाही कशाला म्हणू. १९६१ चा अप्रेंटिस कायदाच सांगतो की अप्रेंटिस शिकाऊ आहे, कामगार नाही. पण बाबांनो, ती सवलत शिकवण्यासाठी दिलीय! तुमच्याकडे शिकवतंय कोण? पहिल्या दिवशी पोरगं मशीनवर उभं करता आणि प्रॉडक्शन मागता.

आमच्याकडे डिप्लोमाचा एक पोरगा होता. कॉलेज सुटलं की सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर. पगारपत्रकावर, पीएफसकट. हुशार, प्रोग्रॅम शीटच्या मागे गणितं सोडवायचा. एकदा ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, टाकताना दशांशाचा पॉइंट चुकला. मशीनवरचा पार्ट स्क्रॅप, वर टूल होल्डर गेला. त्याच मशीनवर आमचे परमनंट शिंदेमामा. शेडच्या पार त्या टोकाला चहा पिता पिता आवाजावरून सांगतात, "इन्सर्ट (टूलची कापणारी धार) गेलाय, बदला." असा कान वर्षभराच्या ट्रेनीला कुठून येणार?

परमनंट माणूस महाग पडतो, खरंय. दिवाळीत बोनसवरून तोंडही फुगवतो. पण सबमिशन आलं म्हणून गायब होत नाही. तो पोरगा व्हायवाच्या आधी आठवडाभर यायचा नाही, आणि यायलाच नको होता, विद्यार्थी होता तो! तेव्हा मामा डबल शिफ्ट ओढायचे. त्याला शिकवायचं तर मामांचं मशीन तासभर बंद. हे सगळं त्या महाशयांच्या हिशेबात कुठंय?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं ते गरिबाच्या पोराचं शिक्षण तुटू नये म्हणून. आपला पीएफ वाचावा म्हणून नाही.

छोट्या वर्कशॉपला ऑर्डरचा भरवसा नसतो, मान्य. मग अधूनमधून येणारं जादाचं काम द्या पोरांना. बारा महिने चालणारं मशीन मात्र पक्क्या माणसाकडेच हवं.

असो, फार तापलो. तो पोरगा आता चाकणला एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे. अजून मामांना फोन करतो, "मामा, बोअरला चॅटर येतोय (भोक कापताना टूल थरथरतंय), काय करू?" मामा आधी शिव्या घालतात, मग फीड, म्हणजे टूल सरकण्याचा वेग, किती ठेवलाय विचारतात.

सध्याची आमची दोन्ही पोरं पुढच्या आठवड्यात परीक्षेला चाललीत. ज्यांचा माल आमच्याकडे आहे त्यांना दोन-चार दिवस उशीर होईल, आत्ताच सांगून ठेवतो.