काकूंना कोणी विचारलं का?

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी सध्या एकच वाद पेटलाय. काका गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या काकूंना वृद्धाश्रमात ठेवायचं की मुलाकडे? घरच्या ग्रुपवर रोज खल चालतो. मी काही लिहिलं की उत्तर येतं, "तू हॅम्बुर्गात बसून सांगू नको, तिकडे तर म्हाताऱ्यांना टाकूनच देतात."

हे खरं नाही. जर्मनीत १९९५ पासून काळजी विमा सक्तीचा आहे. दर महिन्याच्या पगारातून तो कापला जातो आणि माणूस परावलंबी झाला की शुश्रूषेचा काही भार उचलतो. उरलेले पैसे भरायची आईवडिलांची ऐपत नसेल तर सरकार भरतं, आणि मुलांकडे वसुलीला येतं ते मुलाचं किंवा मुलीचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोच्या वर असेल तरच. हा नियम २०२० पासूनचा. त्यामुळे कुठे राहायचं हे बरेच जण हातपाय चालत असतानाच स्वतः ठरवतात. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी दोन-तीन जागा पाहून, बागेकडची खोली मागून घेतली होती.

आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. आईवडील न्यायाधिकरणाकडे जाऊन मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. पण पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायला कोणती आई जाईल? आणि घरी सांभाळायचं म्हणजे प्रत्यक्षात सुनेने सांभाळायचं. रात्री तीनदा उठायचं, डायपर बदलायचं, सकाळी डबे करून ऑफिस गाठायचं. इतक्या मेसेजमध्ये त्या सुनेचं मत कोणी घेतलं नाही आणि काकूंचंही नाही. माझा राग एवढ्यावरच आहे. वृद्धाश्रम चांगला की वाईट हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा. ज्याचं आयुष्य आहे त्याला विचारणं पहिलं.

शेवटच्या आजारपणाचंही तसंच. जर्मनीत २००९ पासून लेखी इच्छापत्राला कायद्याचा आधार आहे: व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांनी ते पाळायचं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ च्या निकालात ही मुभा दिली. न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट होती, तीही २०२३ मध्ये काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तरी घरी विषय काढला की "काहून असं अभद्र बोलते?" मला यात अभद्र काही दिसत नाही. आयसीयूच्या दाराशी भावंडांनी भांडत बसण्यापेक्षा हे कितीतरी मायेचं आहे.

न विचारण्याची हीच सवय रात्रीच्या आवाजातही दिसते. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण नियम दोन्हीकडे जवळजवळ सारखाच: रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. आपल्याकडे तो २००० सालापासून लेखी आहे. तरी लग्नसराईत धुमाल, म्हणजे वरातीतलं ढोल-ताशांचं पथक, रात्री अकरा वाजता दारासमोरून जाते. आत कोणी हृदयरोगी असतो, कोणाची सकाळी बारावीची परीक्षा असते, त्यांनी "एकच तर दिवस आहे" म्हणून गप्प राहायचं. इथे पार्टी असली की शेजारी आधी लिफ्टजवळ चिठ्ठी लावतात. त्या चिठ्ठीला खर्च काहीच नाही. (तापाने पडले तर इथे डबा घेऊन दार वाजवणारं कोणी नसतं, हेही तितकंच खरं. ते नागपूरकरांनी कधी सोडू नये.)

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते घरकाम करणाऱ्या मावशींबद्दलचं बोलणं. "फार सुट्ट्या मारतात." जर्मनीत आठवड्याला तीन तास सफाईला येणाऱ्या बाईचीही कायद्याने नोंदणी करावी लागते, तिला पगारी रजा मिळते, आजारपणातही पगार मिळतो आणि २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा तिलाही लागू आहे. सगळेच नोंदणी करतात असं नाही, पण न करणारा कायदा मोडत असतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण आमच्या नात्यातल्या किती घरांनी मावशींना मंडळाकडे नोंदणी करायला मदत केली? दिवाळीला साडी देतो आणि चार दिवस ताप आला तर पगार कापतो. मावशींचा कप अजूनही काही घरांत ओट्याखाली वेगळा ठेवलेला असतो. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीपासून काही मिनिटांवरच्या स्वयंपाकघरांत हे चालतं, आणि याला अजूनही स्वच्छता म्हटलं जातं. हे मला कोणत्याही देशात बसून चुकीचंच वाटेल.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलंय: येत्या रविवारी काकूंकडे सगळ्यांनी जा, सुनेलाही बसवा, आणि आधी त्या दोघींना बोलू द्या. मावशींना महिन्याला चार पगारी सुट्ट्या या महिन्यापासूनच सुरू करा. त्यांच्या जागी दुसरी बाई लावावी लागली तर तिचे पैसे मी पाठवते.