कुणी बरं?

नातू झाला की लोक आधी पेढे मागतात आणि मग नाव विचारतात. पेढ्यांचं निभलं. नावाचं अजून निभतंय. लेक जर्मनीत कोलोनला असते, जावई तिथलाच, आणि आमच्या नातवाचं नाव आहे कुणिबर्ट.

पहिला फोन सांगलीच्या वहिनींचा.

"काय ठेवलं नाव?"

"कुणिबर्ट."

"कुणी बरं?"

"कुणिबर्ट, वहिनी."

"अहो भावोजी, तेच विचारतेय. कुणी ठेवलं बरं?"

"जावयाच्या पणजोबांचं नाव आहे ते."

"ते असू दे. बाळाचं सांगा."

सराफाकडे चांदीच्या वाटीवर नाव घालायला दिलं. चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात लिहून दिलं होतं. त्याने चष्मा कपाळावर चढवला, चिठ्ठी दूर धरली, जवळ धरली आणि म्हणाला, "काका, पुढे 'यांजकडून' राहिलंय." वाटीवर नाव असतं ते देणाऱ्याचं, हे त्याचं बरोबरच होतं म्हणा.

शेवटी जावयालाच गाठलं. तो शांत माणूस. म्हणाला, नाव तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचं आहे. सातव्या शतकात कुणिबर्ट हे कोलोनचे बिशप होते. फ्रँकांचा राजा दागोबर्ट याने आपला लहानगा मुलगा सिगिबर्ट या बिशपांच्याच देखरेखीखाली दिला होता. म्हणजे दागोबर्टने सिगिबर्ट कुणिबर्टकडे सोपवला. हे वाक्य मी वहिनींना सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

अर्थ मात्र ऐकण्यासारखा आहे. जुन्या जर्मनमध्ये 'कुनी' म्हणजे कुळ आणि 'बेराह्ट' म्हणजे तेजस्वी. आल्बर्ट, रॉबर्ट, हर्बर्ट, सगळ्यांच्या शेपटाला हेच तेज. म्हणजे शुद्ध मराठीत आमचा नातू कुलदीप! मी लगेच लेकीला म्हटलं, मग सरळ कुलदीपच ठेवा की. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याच सोसायटीत दोन कुलदीप आहेत. आणि एकाशी तुमचं पार्किंगवरून भांडण आहे."

माझी शेवटची आशा सरकारवर होती. तिकडे नाव नोंदवायला नोंदणी कचेरीत जावं लागतं आणि बाळाच्या हिताला बाधक नाव नाकारायची मुभा अधिकाऱ्याला असते. पण त्यांनी अडवलं कुणाला, तर आपल्या किरणला! एका जोडप्याने मुलीचं नाव किरण ठेवलं. कचेरीचं म्हणणं, यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही. प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं आणि २००८ साली निकाल आईबापांच्या बाजूने लागला. कुणिबर्टवर मात्र मुकाट शिक्का पडला. वास्तविक तिकडेही हे नाव आता कुणी ठेवत नाही. ऐकलं की लोकांना चिलखत घातलेला, घोड्यावरून पडणारा सरदार आठवतो म्हणे. विहीणबाईंनीसुद्धा कपाळाला हात लावला होता. तेवढ्यापुरती आमची सोयरीक पक्की झाली.

कोलोनला त्या बिशपांच्या नावाचं ऱ्हाईनकाठी चर्च आहे, १२४७ सालचं. त्याच्या तळघरात एक विहीर आहे आणि गावातली सगळी बाळं त्या विहिरीतून येतात अशी तिकडची जुनी समजूत. खाली मेरीमाता बाळांना घेऊन बसते, त्यांना खिमट भरवते. हे ऐकल्यावर आमची ही एकदम त्या नावाच्या बाजूची झाली. आपल्या खिमटाला युरोपात मान आहे हे तिला पुरेसं होतं.

बारसं पुण्यात केलं. पाळण्याखालून-वरून बाळ द्यायला बायका उभ्या राहिल्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू झालं आणि वहिनींनी एकदम हात वर केला. "थांबा गं! म्हणजे नाव यातलंच आहे होय?" मी मान डोलावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी पटलं होतं.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या जर्मन. "कुर्रर्र" तिने घशातून असं काढलं की आमच्या कुठल्याच आत्याला आजवर जमलं नसेल. बाळही टक लावून बघत राहिलं. पण कुर्र केल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वहिनींनी रीतीप्रमाणे एक सणसणीत ठेवून दिला. आत्या गर्रकन वळली, वहिनींकडे क्षणभर पाहिलं आणि तेवढाच सणसणीत परत केला.